आतली कडी

पंचाहत्तरी जवळ आली आणि विठ्ठलराव नवलगुंदकर वकिलांना जुन्या घराचे डोहाळे लागले. घर काही त्या वर्षी जुनं झालं नव्हतं. धारवाडच्या मालमड्डीत त्यांच्या वडिलांनी, तात्यांनी, १९३४ साली बांधलेलं, मंगळुरी कौलांचं, पुढे व्हरांडा आणि मागे विहीर असलेलं घर ते. पण बेंगळूरला असणाऱ्या मुकुलनं, म्हणजे वकिलांच्या मुलानं, फोनवर सांगितलं, "अण्णा, असली घरं आता लोक शोधत फिरतात. पंचाहत्तरीला पाहुणे यायच्या आधी पूर्वी होतं तसं करून घ्या." झालं! ज्या माणसानं व्हरांड्यातली फुटकी फरशी सासूनं सून सांभाळावी तशी जन्मभर सांभाळून घेतली, तो दुसऱ्या दिवसापासून दारं-खिडक्यांवर हात फिरवत घरभर हिंडू लागला.

"वरातीमागून घोडं," अंबूताई म्हणाल्या.

अंबूताई म्हणजे वकिलांची धाकटी बहीण. एकोणसत्तर वर्षांच्या, लग्न न केलेल्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. जिभेला हाड नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींना आता नातवंडं झाली होती, तरी सुभाष रोडवर समोरून अंबूताई दिसल्या की त्या आज्या अजून पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि उगाच घसा साफ करत.

वरातीमागून घोडं म्हणण्याला कारण होतं. या घराच्या सगळ्या दारांना मुळात पितळेच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या होत्या. साधंसुधं काम नव्हतं, दणकट होतं. त्र्याहत्तर साली वकिलांना वाटलं की पक्षकारांसमोर हे मागासलेलं दिसतं. त्यांनी सगळं उपसून काढलं, ॲल्युमिनियम बसवलं आणि त्यांच्या बायकोनं, कमलवहिनींनी, ते पितळ मोडीत घालून स्टीलचं मोठं पातेलं आणलं. ते पातेलं अजून स्वयंपाकघरात होतं. कुणी त्यात आमटी केली की अंबूताई वाढून घेताना म्हणत, "जपून गं वहिनी, पुढच्या दाराची कडी आहे त्यात."

आता तेच विठ्ठलराव, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, भिंग घेऊन दारांवरच्या जुन्या खुणा शोधत होते. आणि या सगळ्या उपद्व्यापातून अंबूताईंना एकच गोष्ट हवी होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी आडपडदा न ठेवता सांगून टाकली.

"अण्णा, एवढ्या दारांना कड्या बसवतोयस, तर माझ्या खोलीला आतून एक बसव."

"बघू की," अण्णा म्हणाले.

या घरात 'बघू की' म्हणजे 'नाही', हे मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

अंबूताईंची खोली म्हणजे मधली खोली. नावाला त्यांची. दाराला बाहेरून कडी, आतून नुसतं लाकूड. त्या खोलीत घरातल्या गाद्यांची चळत, पापडांचे डबे, देवाची चांदी ठेवायचं कपाट. कमलवहिनी दिवसातून दहादा येत, दार ढकलून. अण्णा सकाळी वर्तमानपत्र न्यायला येत, दार ढकलून. पाहुण्यांची पोरं लपाछपी खेळताना येत, आणि त्यांच्यामागून पाहुणे. अंबूताईंना साडी बदलायची असली की त्या दाराला पाठ लावून उभ्या राहत. पाठीनं दार दाबून धरायचं, टाचा रोवायच्या आणि तशातच निऱ्या करायच्या. वर्गात सत्तर मुलींना नुसत्या नजरेनं बसवणारी बाई रोज सकाळी स्वतःच्या खोलीत अशी दाराचा अडणा होऊन उभी राहायची. संताप यायचा. दाराचा, घराचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

निवृत्त झाल्या त्या साली त्यांनी सुभाष रोडवरून ॲल्युमिनियमची एक कडी विकत आणली होती, स्क्रूसकट. कमलवहिनी हसल्या, "आतून कडी? अगं बाई, आता काय लपवायचंय तुम्हाला?" अण्णांनी कायदा काढला, "या वयात आतून कडी लावून झोपू नये, अंबू. काही झालं तर दार फोडायची पाळी. बर्मा सागवान आहे." म्हणजे अंबूताई आत मरून पडल्या तर चिंता दाराची. त्याच आठवड्यात न्हाणीघराची कडी तुटली आणि अंबूताईंची कडी तिथं गेली. तेव्हापासून घरातला प्रत्येक माणूस ती लावून निवांत अंघोळ करत होता.

अण्णांनी कामाला नियम घालून घेतला होता. जुन्या रंगाखाली लाकडावर जिथं खूण सापडेल तिथंच कडी बसवायची, आणि होती तशीच. खूण नाही तिथं काही नाही. "पुराव्याशिवाय एक खिळा मारणार नाही," ते सांगत. आता खुणेवरून कडी कुठं होती ते कळतं, पण कशी होती ते कसं कळणार? त्यासाठी साक्षीदार लागतो. तेव्हा अण्णांनी अंबूताईंना गाडीत घातलं आणि हुबळीला, कोप्पीकर रोडवरच्या एका चकचकीत दुकानात नेलं. तिथं म्हणे 'अँटिक' माल मिळत होता.

अंबूताईंनी आत पाऊल टाकलं आणि त्यांचं नाक आपोआप वर गेलं. भिंतभर सिंहाची तोंडं, प्रत्येकाच्या जबड्यात कडं. मोर, हत्ती, पऱ्या. एका मुठीवर तर चक्क नवरदेव होता.

"बर्री, वकीलसाहेब, या या," दुकानदार म्हणाला आणि त्यानं एक सिंह पुढे केला. "पुढच्या दाराला हा घ्या. जुन्या घरांत हाच असायचा."

"आमच्यात नव्हता," अंबूताई म्हणाल्या. "आमच्यात सिंह आत असायचा, आरामखुर्चीत, तात्या. पक्षकाराला दारातच दुसरा कशाला?"

"अंबू," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले.

"आणि हे असं काळं का पडलंय रे पितळ? घासत नाही का कुणी?"

दुकानदारानं समजावलं, ते मुद्दाम केलेलं असतं. औषध लावून काळं करतात, म्हणजे शंभर वर्षांचं दिसतं. म्हणून तर भाव जास्त.

"ऐकलंस का अण्णा? जन्मभर चिंच लावून लावून आमची बोटं झिजली पितळ काळं पडू नये म्हणून. आणि इथं काळं करून जास्त घेतात. मग वहिनींची समई आण की, ती कधीची जुनी झालीये!"

"अक्कावरू भाळ खरे हेळतार्री, अक्का अगदी खरं बोलतात," दुकानदार हसत म्हणाला आणि त्यानं मुकाट्यानं सिंह खाली ठेवला.

पण चेष्टा बाजूला ठेवली तर त्या दुपारी सगळं काम अंबूताईंनीच केलं. अण्णा एक कडी उचलत आणि विचारत, आणि अंबूताई सांगत. पुढच्या दाराची कडी गोल नव्हती, टोकाला चपटी होती, नागाच्या फण्यासारखी. लहानपणी धडकल्याचा वण त्यांच्या दंडावर अजून होता. देवघराच्या कडीला साखळी होती, तीन कड्यांची. स्वयंपाकघराला आतून वीतभर पितळी दांडा होता, मुठीशी सुपारीएवढा गोळा. अण्णा मान डोलावत आणि तसंच काढून मागत. एकदाही त्यांनी "नक्की का?" म्हणून विचारलं नाही.

शेवटी अंबूताईंनी स्वतःहून तसाच एक दांडा उचलला. मधल्या दाराला शोभेल असा, सरळ, कुठं मोर नाही की परी नाही. हातात जड लागला. त्यांनी तो नुसता मागं-पुढं सरकवून बघितला.

"हा माझ्या दाराला. असाच होता."

"तुझ्या दाराला आतून काही नव्हतं," अण्णा म्हणाले.

"होतं."

"नव्हतं गं. मला पक्कं आठवतंय. तुझं वय झालं अंबू, घोळ होतो आठवणींचा."

सगळ्या घराची आठवण खरी, आणि स्वतःच्या दाराची तेवढी खोटी! अंबूताईंनी दांडा खाली ठेवला.  परतीच्या वाटेवर अमरगोळच्या मार्केटमधून निघालेला मिरच्यांचा ट्रक गाडीपुढे चालला होता. अण्णा काचा वर करून खोकत होते आणि मध्येमध्ये म्हणत होते, "छान काम झालं आज." काम झालं होतं, अण्णांचं.

दांडा होता. अंबूताईंना त्याचा आवाजसुद्धा आठवत होता.

१९५३ साली मिरजेचे लोक त्यांना बघायला आले होते. त्या तेव्हा इंटर पास झाल्या होत्या, गणित घेऊन बी.ए. करायचं होतं. घरात शिरा झाला, सतरंजी अंथरली, मंडळी बसली. अंबूताई मधल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. खट्‌. बस्स, एवढंच. आई दाराशी येऊन रडली, अण्णा येऊन धमकावून गेले, आणि आत अंबूताई मांडीवर पाटी घेऊन गणितं सोडवत बसल्या. पाहुण्यांनी शिरा खाल्ला, कॉफी घेतली, मुलीची तब्येत ठीक नसेल तर असू द्या, असं भल्या माणसांसारखं म्हणाले आणि गेले. तात्या एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि आतली कडी उचकटून घेऊन गेला. बाहेरची तशीच ठेवली. बाहेरून कुणी कधी लावली नाही, तेही खरंच. लावायची गरजच उरली नव्हती. पुढं बी.ए. झालं, नोकरी लागली, स्थळं येईनाशी झाली, तात्या वारले. कडी तेवढी परत आली नाही.

सगळ्या दारांचा रंग खरवडून सागवान उघडं करायचं होतं. त्या कामाला इराप्पा मिस्त्री येत होता. मधल्या खोलीचं दार सगळ्यात शेवटी आलं. सकाळी इराप्पा आतल्या बाजूनं खरवडत होता; वरचा करडा रंग गेला, खालचा हिरवा गेला, आणि अंबूताई गाद्यांच्या चळतीवर बसून बघत होत्या. इराप्पाचा पत्रा एका ठिकाणी अडखळला. मग दुसऱ्या ठिकाणी. लाकडात चार भोकं होती, सुताराच्या हातानं खुंट्या मारून बुजवलेली. मध्ये वीतभर लांब उजळ पट्टा, जिथं पितळाखाली लाकूड झाकलेलं राहिलं होतं. आणि समोर चौकटीत, दांडा जायचा तिथं, लांबीचा मसाला भरून बुजवलेला खड्डा.

अंबूताईंनी उठून त्या पट्ट्यावर तळहात ठेवला. मग हाक मारली, शाळेतल्या आवाजात.

"अण्णा! ये इकडं. पुरावा आलाय."

अण्णा आले, मागून कमलवहिनी. अण्णांनी भिंग लावून चारही भोकं बघितली. चौकटीतला खड्डा बघितला. बोटानं उजळ पट्टा चाचपला. मग घसा खाकरला.

"ही नंतरची असतील."

"नंतरची म्हणजे कधीची? या खोलीच्या दाराला नंतर कुणी काय लावलं? मी आणलेली कडीसुद्धा तुम्ही न्हाणीघराला लावलीत."

"तसं नव्हे गं—"

"सुताराला बोलवायला कोण गेलं होतं, अण्णा?"

अण्णांचं भिंग तसंच हवेत राहिलं. चोवीस वर्षांचा मुलगा, नुकती वकिलीची परीक्षा दिलेला, सकाळी सकाळी सायकलवर टांग टाकून सुताराकडे निघालेला. अंबूताईंनी तो याच खोलीच्या खिडकीतून बघितला होता. आणि आता त्याच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं की तोही काही विसरलेला नाही.

"जाऊ द्या की वन्सं," कमलवहिनी म्हणाल्या. "कशाला त्या जुन्या गोष्टी?"

"का? जुन्या गोष्टीच करायला बसलाय ना तुम्ही? हुबळीपर्यंत जाऊन आलात जुन्या गोष्टींसाठी. मग माझीच तेवढी जुनी गोष्ट कडू लागली?"

अण्णांनी भिंग घडी करून खिशात घातलं. कोर्टात बाजू पडायला लागली की ते असंच करत. "हे बघ अंबू, कडी होती, मान्य. पण ती तात्यांनीच काढली. म्हणजे तात्यांच्या हयातीत घर जसं राहिलं तेच मूळ घर धरायचं. त्यांनी विचार करूनच काढली असेल."

अंबूताई हसल्या. खरंच हसू आलं त्यांना. किती वर्षं हा माणूस काळा कोट घालून लोकांची भांडणं लढला आणि शेवटी स्वतःच्या घरात तात्यांच्या आरामखुर्चीमागं लपला!

"तात्यांचं पितळ मोडीत घालून पातेलं आणलंत, तेव्हा विचारलं होतं तात्यांना?" त्या म्हणाल्या. आणि इराप्पाकडे वळल्या. "इराप्पा, स्क्रू-ड्रायव्हर घे. माझ्याबरोबर ये."

त्या न्हाणीघराकडे गेल्या. दाराच्या आत, पाण्यानं पांढुरकी झालेली, त्यांची ॲल्युमिनियमची कडी होती. "काढ ही," त्यांनी सांगितलं. इराप्पानं वकिलांकडे बघितलं. "तिकडं काय बघतोस? कडी माझी आहे. मी विकत घेतलीये." इराप्पानं काढली.

मधल्या दाराशी ती कडी बघून अण्णांचा चेहरा कुणी श्रीमुखात दिल्यासारखा झाला. सगळ्या घरात पितळ, उजळ सागवान, मुकुलनं पाठवलेलं खास पॉलिश, आणि त्यात ही रुपया-आठ आण्याची दिसणारी पांढरी कांडी!

"अगं बर्मा सागवानावर ॲल्युमिनियम? शोभतं का? थांब, थांब. पितळेची आणतो. हुबळीला फोन करतो आत्ता. तो दांडा, तू उचलला होतास तो. तोच मागवतो."

म्हणजे देणार होता. बहिणीनं मागितली तेव्हा वय झालं, घोळ होतो. पुरावा निघाला तेव्हा तात्या. आणि सागवानाचं रूप बिघडायची वेळ आली तेव्हा लगेच फोन. अंबूताईंना वाईट वाटलं, खूप वाटलं.  

"नको," त्या म्हणाल्या. "ती तू तुझ्या दाराला देतोयस. ही माझी आहे. इराप्पा, जुन्या भोकांवरच बसव."

इराप्पानं बसवली. न्हाणीघराला मग आठवडाभर कडीच नव्हती. अण्णांना अंघोळ करताना मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणावी लागे, आणि तरी दोनदा कमलवहिनींनी दार ढकललंच. "सवय होते," अंबूताई व्हरांड्यातून सांगत.

पंचाहत्तरी श्रावणात आली. मुकुल आला, कोर्टातले जुने सोबती आले, बेळगाव-मिरजेचे नातेवाईक आले. होम झाला, जेवणं झाली, आणि मग नव्या धोतरातले अण्णा पाहुण्यांचा घोळका घेऊन घर दाखवायला निघाले. पुढच्या दाराची नागफणीची कडी दाखवली. देवघराची साखळी वाजवून दाखवली. "प्रत्येक गोष्ट होती तशी," ते सांगत होते. "खूण असेल तिथंच. पुराव्याशिवाय एक खिळा नाही." पाहुणे वाहवा करत होते. एक वकील म्हणाले, असं काम आता बघायला मिळत नाही.

घोळका मधल्या दाराशी आला. अण्णांनी सवयीनं दार ढकललं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं. मग त्यांनी पाहुण्यांकडे वळून हसून घेतलं.

"पावसानं लाकूड फुगतं हो. अडकलंय वाटतं."

"अडकलं नाही," आतून आवाज आला. "मी लावलंय."

 बाहेरून अण्णांचा आवाज आला, हळू, "अंबू, पाहुणे आलेत बघायला."

आत अंबूताई खोलीच्या मधोमध, आरशासमोर उभ्या होत्या. जेवताना साडीवर आमटी सांडली होती, ती बदलत होत्या. दार त्यांच्यापासून चांगलं लांब होतं. हात मोकळे होते, पाठ मोकळी होती. त्यांनी एक निरी घातली, ती जरा तिरपी गेली, म्हणून सोडली आणि पुन्हा घातली.

"थांबू देत," त्या म्हणाल्या. "शिरा द्या त्यांना."